पुलापलीकडची आई

वेगळा देश हवा की नको, यावर मतदान होतं. रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, 'नको'वरच शिक्का मार."

"हळू बोल. घरचं चव्हाट्यावर आणू नकोस."

"वेगळे झालो तर पुलावर चौकी बसेल. आई पलीकडे राहते."

"माहितीये. तिचा जन्म इथला, तरी तिला मत नाही. तुझा भाडेकरू परवा आला, त्याला आहे!"

"म्हणूनच सांगतोय, आईसाठी 'नको' म्हण."

"आईला विचारलंस?"

"तिला मतच नाही, तर विचारायचं कशाला?"

"मी काल फोन करून विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

"आधी रडली. मग म्हणाली, इतक्या दिवसांत मला विचारणारी तूच पहिली."