वायर कुणी कापली

कमळाकर : बझर नको, आन् इंजिन आपसूक बंद होणंपन नको. दोन्ही वायरी काप.

(किन्हवलीच्या रस्त्यावरचं गॅरेज. खडीच्या डंपरची केबिन उचललेली. मालक कमळाकर आणि मिस्त्री इंद्रजीत. दाराबाहेर डंपरचा डायवर. मागून इंद्रजीतची बहीण पौर्णिमा येते.)

इंद्रजीत : शेठ, रेडिएटर गळतोय. पानी संपलं, इंजिन तापलं, बझर वाजला. तरी डायवर चालवत राहिला, म्हनून इंजिन सोताच बंद झालं. तेनंच गाडी वाचली.

कमळाकर : काय वाचली? माळशेजच्या चढणीला उभी राहिली. साइटवाला खडीसाठी बोंबलतोय. रेडिएटर मागनं बघू.

इंद्रजीत : आन् पेटली तर?

कमळाकर : नाय पेटत रे. जुन्या डंपरची मीच कापून घेतलेली. वर्षभर कुठं थांबला नाय.

पौर्णिमा : थांबला ना शेठ. जळूनच थांबला.

कमळाकर : ही कोण?

इंद्रजीत : माझी बहीण.

पौर्णिमा : धनेशची बायको. तुमच्या त्याच डंपरवर डायवर होता. दरीकडनं गाडी आत घेईपर्यंत स्टेअरिंग सोडलं नाय त्यानं. दोन्ही हात गेले.

कमळाकर : वाईट झालं, बाई. पन इंद्रजीत, तू बोलला नाय कधी.

इंद्रजीत : तुमी इचारलं नाय.

पौर्णिमा : पोलिसांना तुमी काय सांगितलंत? बझरचा तरास होतो म्हनून वायर धनेशनंच कापली. लोकं तोंडावर बोलली त्याला, सोताचे हात सोताच जाळलेस. आन् आज म्हनता, मीच कापून घेतलेली.

कमळाकर : बोललो असंन. कोण ऐकतंय इथं?

पौर्णिमा : हा फोन ऐकतोय. गाडी टोचन लावून ओढत आनली तेव्हाच इंद्रानं मला बोलावलं. पलीकडं धनेश हाय. त्याच्या बाजूला नथूदादा, हनुमान, नाक्यावरचे समदे डायवर बसलेत.

कमळाकर : बंद कर तो आधी!

पौर्णिमा : आता बंद करून काय व्हायचंय? तुमच्या गाडीवर कोण बसतंय ते बघूच. नायतर असं करा. इंद्रा, काप वायर. शेठच नेतील गाडी चढणीला.

कमळाकर : मला डंपर येत नाय चालवता.

पौर्णिमा : तुमच्या पंकजला येतो. त्याला बोलवा.

कमळाकर : माझ्या पोराचं नाव काढू नको!

पौर्णिमा : का? पेटत नाय ना?

कमळाकर : ...इंद्रजीत, ऱ्हाऊ दे वायर. रेडिएटर बदल.

पौर्णिमा : हात नको लावू रे. आधी पोलीस ठाण्यात जायचं. इथं बोललात तेच तिथं बोलायचं, शेठ. धनेशचं नाव धुऊन द्यायचं.

कमळाकर : आन् नाय आलो तर?

इंद्रजीत : बाहेर बघा. तुमचा डायवर चावी ठेवून निघाला.

कमळाकर : ...चल.

पौर्णिमा : धनेश, ऐकलंस ना? मी ठाण्यात चाललेय.

फोनवरून धनेश : ऐकलं गो. जाऊन ये. तेवढी चहापूड कुठं ठेवलीस ते सांग. नथूदादाला सापडत नाय.