कावळे हाकणारी गाडी

हसू नका, रोबो मी खरंच बनवला होता! आमची आई पेणला अंगणात पोह्याचे पापड वाळत घालते आणि कावळे हाकून हाकून वैतागते. तिच्यासाठी मी रणगाड्यासारखे पट्टे लावून रिमोटची छोटी गाडी केली. आयुष्यातली पहिलीच. पापडांच्या कडेला ठेवून पुढे जायचं बटण दाबलं, तर ती जागच्या जागी गरगर फिरायला लागली. कावळे घाबरून थेट शेजारच्या माडावर!

आई खूश, पण मला लाज वाटली. दोन मोटारींची तोंडं विरुद्ध दिशांना, आणि वायरी मात्र मी सारख्याच जोडलेल्या. म्हणून एक पट्टा पुढे, दुसरा मागे. मी एका मोटारीच्या वायरी उलट केल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सरळ निघाली, ती रोह्याच्या मावशीकडच्या लग्नासाठी लाटलेल्या ओल्या पापडांवरून. थांबवायचं बटण सापडेपर्यंत दोन रांगा नक्षी उठली. आणि कावळा गाडीवर बसून फिरत होता.

मी म्हटलं, "आई गो, आता दुरुस्त झाली."

"व्हय, दिसतंय मला. कालच्यासारखी बिघडवून दे आधी!"