गुरुदासाचे बुडबुडे आणि आमचा पंप

…पण मी म्हणते, अर्धं बोलून गप्प बसायचं ही काय माणसांची रीत झाली? विहिरीवर राधाबाई सांगत होती, "नर्मदेचो गुरुदास मुंबैसून इलो तो दिसभर बुडबुडे मोजता. म्हणान तर त्येका नोकरेवरसून..." आणि मला बघून कळशीत तोंड घातलं! नोकरीवरून काय? काढलं? हाकललं? मला तर कळायलाच हवं होतं, कारण नर्मदा आमची शेजारीण, तिच्या गुरुदासाला माझ्या बहिणीची सुगंधा मीच सुचवलेली, आणि भावोजी मुलीला घेऊन जामसंड्याहून दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे यायचे होते. बुडबुडे हो, आणि मोजायचे!

वाटीभर आमटीचं निमित्त करून नर्मदेकडे गेले. बघते तर पडवीत उभी काचेची नळी, तिच्यात पाण्यात कालवलेला अंड्याचा पांढरा बलक, खाली आमच्या ह्यांचा सायकलचा पंप (पाच मिनिटांसाठी नेलेला!), वर फेस चढतोय, आणि हा भिंग लावून बसलेला. अहो, डाळीला फेस आला की आम्ही पळीने काढून परसात फेकतो, आणि हा म्हणतो, अंड्यातलं सत्त्व बुडबुड्याच्या सालीला चिकटून फेसाबरोबर वर येतं, बुडबुडे जितके बारीक तितकी साल जास्त. मला कळेना, तर विचारतो, एका मोठ्या नारळाचं सोडण, वरची साल हो, जास्त, की तेवढ्याच ढिगाच्या बारक्या नारळांचं? पटलं मला. पण नारळ विकता तरी येतो, बुडबुडे कोण घेणार? सरळ विचारलं, नोकरी आहे की गेली? भिंगातून डोळा न काढता म्हणतो, "काकी, दार हळू लाव. फुटतले."

दुसऱ्या दिवशी भावोजी आले, सुगंधा आली, पोहे निवले, नवरा मुलगा नाही! शेवटी आम्हीच गेलो. त्याने पाठमोराच हात वर केला... कुणी हलायचं नाही, म्हणे बारके फुटून मोठ्यात मिसळतात, माप चुकतं. भावोजी एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उंबऱ्यावर! नर्मदेने पदर डोळ्यांना लावला. भावोजी लालबुंद. "चल गो सुगंधा." ही कुठली चालते? जाऊन पेन्सिल उचलून बसली. "तुमी भिंगातसून बघा, मी लिवतंय."

फेस बसला तेव्हा कुठे त्याने मुलीकडे पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं.

भावोजींनी नोकरीचं विचारलं तेव्हा कळलं, मुंबईच्या नोकरीतही हेच बुडबुड्यांचं काम, भिंगात बघून बघून डोळ्यांना पाणी यायला लागलं, म्हणून साहेबाने भरपगारी रजेवर घरी धाडलेलं. डोळ्यांना आराम द्यायला! म्हणजे बुडबुडे खरे, धाडलं खरं, काढलं तेवढं खोटं. आणि आराम हा असा!

लग्न ठरलं. मी हळूच पंप मागितला, तर नर्मदा म्हणाली, असू दे, मुलीकडचा पहिला आहेर समजू. आता आमचे हे बिनहवेची सायकल हाताने ढकलत बाजारात जातात, आणि काल विहिरीवर राधाबाई सांगत होती, "काशीबायचो घोव सायकल ढकलीत फिरता, त्येच्या डोक्यार..." आणि मला बघून गप्प.

बोलू दे. ढकलतात ते तर खरंच आहे.