वाणाचे पेरू

— अगं नाय, कुलूप तुझ्यासाठी नाय, चोरासाठी हाय. तू ये अशी गेटाजवळ, इथं पेरूची सावली पडती, तिकडं थांब्यावर नुसती उन्हात वाळशील. कॅम्पची बस ना? ती काय इतक्यात येत नाय. वळणावर आली की तिचा खडखडाट ऐकू येतो, मी सांगते ना तुला, माझे कान अजून शाबूत हायेत. पेरू खाशील? थांब थांब, उचलला अन् खाल्ला असं नसतं — आधी तो खाण्याजोगा हाय का ते बघावं लागतं. हा घे. गजातून हात घाल, लाजू नको. अंगठ्यानं दाब, सगळीकडनं दाब. कुठं गचकन आत गेला का? नाय ना? आता वास घे — देठाचा नाय गं, देठ सगळ्यांचे सारखेच — खालचा, जिथं फूल वाळलेलं असतं तिथला. गोड आला तर बरं, आंबूस आला की आत वस्ती झाली समज. अन् आता तू सांग, तुझे डोळे तरणे हायेत — कुठं काळा टिपका दिसतो का, सुईनं टोचल्यासारखा? माशीचा डंख असतो तो, तिथनंच अंडी घालती. नाय दिसत? मग टाक माझ्या टोपलीत. डंखाचा निघाला तर ह्या बादलीत. घे, दुसरा घे.

काय हाय, आज संध्याकाळी आमच्याकडं हळदीकुंकू हाय. माझी सून प्रतिभा — बँकेत हाय, हुशार हाय, मी तिला नावं ठेवत नाय — तिच्या बँकेतल्या, कॉलनीतल्या बाया येणार. वाण म्हणून ती दरसाल प्लास्टिकचे डबे वाटती. यंदा माझा वाल्मीक बोलून गेला — मुलगा माझा, एकलहऱ्याला पॉवरहाऊसमधी हाय — म्हणाला, डब्याबरोबर आईच्या झाडाचा एकेक पेरू द्या. प्रतिभा म्हणाली, "चालेल. पण एका जरी बाईच्या हातात अळी निघाली ना, तर झाड तोडायचं अन् तिथं फरशी टाकायची. मग पुन्हा आईआई करायचं नाही." वाल्मीकचं लहानपणापासून असंच, घरात दोन बाया बोलायला लागल्या की तो चप्पल शोधायला लागतो. मी म्हटलं, निघाली तर तोडा. बोलून बसले. आता ती बँकेतनं अर्ध्या दिवसानं येईल, तोवर टोपली तयार पाहिजे. तशी मी सकाळपासून निवडलीच हाय, हातानं. तू आपली एकदा नजर मार. मी काय हळदीकुंकवात बाहेर बसणार नाय, आमचे मालक गेले तवापासून असल्या दिवशी मी मागच्या खोलीत. पण माझे पेरू तर बाहेर बायांच्या ओटीत जातील का नाय? तेवढंच.

काय म्हणलीस? ह्याला टिपका हाय? बघू... उन्हाचा चट्टा असंल तो. नाय? बरं, टाक बादलीत. एखादा निसटतो.

तिचंबी चूक नाय म्हणा. पावसाळ्यात शेजारच्या सायलीला मी ह्याच गेटातनं पेरू दिला, पोरीनं चावला अन् अर्ध्यात वळवळ. तिची आई आली तणतणत — म्हातारीला कळत नाय तर देती कशाला. प्रतिभा नुसती माझ्याकडं बघत राहिली... बघतच असंल, आवाज तर नव्हता तिचा. पावसाळ्यात कीड असतीच गं, कोण खातं पावसाळ्यातला पेरू? हिवाळ्याचा बहार चांगला. पण यंदा मार्गशीर्षात पाऊस पडला, त्यानं माशी वाढली. ती बाटली दिसती का फांदीला? तुळस वाटून तिचा रस कापसावर घालून ठेवलाय. माशीतले नर त्या वासाला भुलतात, भोकातनं आत जातात. बाहेर यायला भोक तेच — बूच नाय, काय नाय, उघडं — पण सापडत नाय त्यांना. दिवसभर गुणगुण, गुणगुण. दुपारी घरात कुणी नसतं, मी खाली बसून ऐकते. गुणगुण थांबली की समजायचं. प्रतिभा म्हणती, तुळस बोडकी केली, देवाच्या पानांनी जीव मारता. मी काय न विचारता तोडते? हात जोडून तोडते, द्वादशीला तर शिवतबी नाय. मळ्यात आंब्या-पेरूला आम्ही असंच करायचो.

मळा दसकला होता आमचा, नदीच्या अंगाला. आता नाय. दिवाळीत मी गेले होते बघायला, एकटी. सिंहस्थासाठी रस्ते रुंद केले त्यात सगळं इकडचं तिकडं झालं, विहिरीचा कठडा हाताला लागंल म्हणून मी चाचपत होते तर नुसत्या भिंती. लोक म्हणतात म्हातारी चुकली. मी नाय चुकले गं, मळाच सापडला नाय. कुणी रिक्षावाल्यानं आणून सोडलं. तवापासून हे कुलूप. — हां, चोरासाठीच. आता चोर काय दिवसाढवळ्या येतो व्हय, अन् किल्ली शेजारणीकडं कशाला ठेवायची, मलाबी कळतं. पण बोलायचं नाय. पुढचं गेट लागलं तर लागलं, अंगण तर हाय.

ह्यालाबी? अन् ह्यालाबी? पोरी, तू काय माझी थट्टा करती का? मी दाबून बघितलेत, एकेक वास घेतलाय. तू असं कर, टोपलीतला तुझ्या मनानं एक उचल अन् खा. खाऊनच बघ, म्हणजे तुझीच खात्री होईल. बिनधास्त चाव. कसा हाय? गोड ना? ... काय झालं? थुंकलीस का?

एक हाय का जास्त?

बरं. पदरानं तोंड पूस. नळाचं पाणी दिलं असतं, पण तांब्या गजातनं जात नाय.

नाय गं, दिसत नाय मला. उजेड दिसतो, तू हाय ते दिसतं, तोंड नाय दिसत. डॉक्टरला दाखवलं नाय, दाखवलं की घरात कळंल. कळलं की गेटाचं कुलूप घराच्या दाराला लागंल — पडाल, आई, आतच बसा. म्हणून मी गुमान वासावर चालवते. टिपक्याला वास नसतो, त्याला काय करू?

तुझ्याकडं पिशवी हाय ना? उघड. सगळे घे, टोपलीतले, बादलीतले, सगळे. घरी गेल्यावर चीर, किडका भाग काढून टाक अन् बाकीच्याची गूळ घालून भाजी कर, अळी काय सगळा पेरू खात नाय. प्रतिभानं विचारलं तर सांगीन, मला हाव सुटली, मीच खाल्ले. दात नायत माझ्या तोंडात हे तिला ठाऊक हाय. बघंल माझ्या तोंडाकडं, अन् तणतणत डबे वाटंल. वाटू दे. हावरट म्हातारीला अंगणात ठेवतात. आंधळीला नाय ठेवत.

आली बघ बस, वळणावर हाय. घाई कर. अन् एक... एक ठेव माझ्यापाशी. तुळशीपुढं ठेवते, तिचीच पानं ओरबाडलीत सालभर. प्रतिभा दिवा लावायला आली की हातात घेऊन बघंल तो, म्हणून चांगला बघून ठेव हां — नीट फिरवून. दे इकडं. जा आता, पळ. गेटाला धक्का नको लावू, कुलूप वाजतं, शेजारीण लगेच खिडकीत येती.

टिपका नाय ना ह्याला? बघितलास ना?

पोरी?

गेलीस का गं?