बाळासाठी केलेली शेवळं

...आणि वर चाळीतले मलाच विचारतात, काकडं का फेकलीस? अहो, बाईने फुकट दिली म्हणून फेकली! भांडुप स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसते ती. तिच्याकडून शेवळं घेतली, पावसाच्या तोंडावर डोंगरात उगवणारे ते कोंब, तर तिने वर मूठभर हिरवी फळं पिशवीत कोंबली. "बाबा, हे पण न्या." म्हटलं, ह्या मुंबईत फुकट कोण काय देतं? किडकी असणार! दिली गटारात फेकून. मला काय माहीत!

तुम्हाला सांगतो, जन्मभर शेवळं खाल्ली, पण केली कधी? सुगंधा, आमची मंडळी, होती तोवर ताट पुढ्यात यायचं. आता ती नाही. आणि शेजारचा बाळा, भिंतीला भिंत, भांडायला हक्काचा एकच माणूस उरलेला, तो निघाला खोली विकून गावी, माणगावला, कायमचा! म्हटलं, त्याला शेवळं आवडतात, सोडे, ती सुकवलेली कोलंबी, घालून करू, आणि जेवताना सांगून टाकू, बाळा, जाऊ नको रे, माझ्याकडे राहा, दोन म्हातारे, एक गॅस, भागेल! सकाळपासून पाठ करत होतो, यार!

बसलो. दोन घास गेले न गेले... घशात कुणी खाजकुइली घासावी तसं! बाळाने तांब्याच तोंडाला लावला.

"गाढवा, काकडं नाही घातलीस?"

"काकडं कसली?"

"ती आंबट फळं रे! त्यांच्या रसाशिवाय शेवळं खाजतात, शेंबड्या पोराला कळतं!"

मला काय माहीत!

मग काय, चिंच चोखली, ताक प्यायलो, दोघं खाकरतोय, डोळ्यांतून धारा... तेवढ्यात दारात टेम्पोवाला! "चला काका, सामान चढवलं!" जेवण उरकायच्या आत येईल तो, मला काय माहीत! बाळाने खांद्यावर हात ठेवला. मी तोंड उघडलं, तर नुसतं खर्रर्र...

"राहू दे, बोलू नको. घसा सांभाळ."

गेला की!

आता दर रविवारी बाळाच फोन करतो.

"घसा कसा आहे रे?"

"बरा आहे."

"मग बोल की! त्या दिवशी काहीतरी सांगत होतास..."

आता काय सांगू? भिंतीपलीकडे नवा माणूस खिळे ठोकतोय. म्हटलं, "काही नाही रे... पाऊस आहे का तिकडे?"