ओकाफोर आणि आमचा मंगळ्या

बाळ मंगळवारी झालं म्हणून सासूबाई त्याला ‘मंगळ्या’ म्हणतात, आणि तेच नाव शाळेपर्यंत चिकटेल या धास्तीनं मी रोज त्यांना टोकते. परवा नवऱ्याचा नायजेरियातला सहकारी व्हिडिओ कॉलवर बाळाला बघत होता. आडनाव ओकाफोर. मी सहज अर्थ विचारला. त्यानं इंग्रजीत सांगितलं, नवऱ्यानं मराठीत:

“त्यांच्यात बाजाराचा आठवडा चार दिवसांचा असतो. त्यातल्या आफोरच्या दिवशी झालेला मुलगा तो ओकाफोर. तिकडं हाक मारली तर गल्लीभर लोक ओ देतील म्हणे.”

“पण त्याचं आडनाव कसं झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“पणजोबांचं नाव होतं. पुढं घराण्यालाच लागलं.”

आता मला टोमणा बसणार, असं वाटलं. पण त्या बाळाकडं वळल्या.

“मंगळ्या, तुझ्या पतवंडांच्या आडनावाची सोय झाली बघ.”