वरून दिसते

दिग्रसच्या स्टँडवर पुसदची गाडी अजून लागायची होती. कोकिळाबाईच्या मागच्या बाकावर दोघे जण बोलत बसले होते. त्यातल्या एकाचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"देवसिंग, बा कसे गेले रे?"

"ऊन लागलं, सदाभाऊ. यंदाचं ऊन तं तुमी पाहूनच राह्यले."

"अन् सरणाले लाकडं?"

"त्यायनंच लावलेला कडूनिंब तोडला. तशी त्यायची इच्छाच होती. पण आमच्या झाडायची हवा परदेशातल्या कंपनीनं पैसे देऊन इकत घेतली ना! ते तिकडं धूर सोडतात, म्हून आपून इकडं झाड तोडाचं नाही."

"मंग?"

"सरण विझलंबी नव्हतं, तं कंपनीचा फोन आला. एक झाड कमी दिसते म्हने."

"कोनं पाह्यलं?"

"वरून दिसते म्हने, उपग्रहातून. धूर कायचा, तेबी इचारलं."

"बा गेले म्हून सांगतलं नाही का?"

"सांगतलं ना. उन्हानं गेले म्हनलं."

"मंग काय म्हने?"

"तिथंच दुसरं लावा म्हने."

कोकिळाबाईनं मान वर केली. वर स्टँडचा पत्रा होता. तरी तिनं पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला.